खडूच्या रेघा

म्हापशाला इनास फुर्तादच्या दुकानात
त्याने काचेवर फडकं अंथरलं
आणि तीन ठेवली, दागिने दाखवावेत तशी.

पहिलं जड. उलगडलं की पक्कड,
मुठींच्या पोटात सुरी, कानस, करवत, दोन पेचकस.
दुसरं बोटाएवढं, लाल; आत कात्री, चिमटा,
दात कोरायची पांढरी काडीसुद्धा.
तिसऱ्यात एकवीस पाती, निम्म्या किमतीत.
‘एकवीस कशाला?’ मी विचारलं.
‘मोजायला,’ इनास म्हणाला.

मी डावखुरा.
पहिल्याची सुरी उजव्या अंगठ्यासाठी घडवलेली,
माझ्या हातात परक्या घराच्या कडीसारखी अडली.
दुसऱ्याला उजवं-डावं नव्हतं, पण नखाने उघडायचं,
आणि माझ्या नखांत बारा महिने ग्रीस.
तिसरं उघडायला गेलो तर सगळी पाती एकदम बाहेर,
डिवचलेल्या कुर्लीसारखी.

इनासने तिन्ही परत खणात ठेवली.
‘आठ दिवस मोज. कशाला कितीदा हात जातो.
मग ये.’

रायबंदर-चोडण फेरीवर मी इंजिनखोलीत असतो.
पंपाशेजारच्या पत्र्यावर खडूने रकाने आखले
आणि पेटीतली सुटी हत्यारं वापरत रेघा ओढत गेलो.

रॅम्पच्या साखळीची स्प्लिट पिन: पक्कड.
डिझेलच्या नळीची क्लिप: पेचकस.
भोंग्याची वायर: पक्कड, सुरी, पुन्हा पक्कड.
कोणाच्या तरी स्कूटरचा आरसा: पेचकस,
आणि ती बाई उतरताना दोन केळी देऊन गेली,
त्याला रकाना नव्हता.
कानस एकदा, माझ्याच नखासाठी.
बाटलीचं बूच: ड्युटीवर शून्य.
शनिवारी पाचवीतली एक पोर,
दप्तराच्या चेनीत दोरा अडकलेला, फेरी धक्क्याला लागत आलेली.
प्रथमोपचाराच्या पेटीतली गंजकी कात्री धावत आणली.
कात्री: एक.

उल्हास मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं.
‘पकडीने नट काढशील तर याद राख.
कोपरे खाते ती. स्पॅनर पेटीतच राहणार.’
मग पत्र्यावर बोट ठेवलं:
‘आणि खाऱ्या पाण्याचा रकाना कुठाय?’
तो मी आखलाच नव्हता.
भरतीला मांडवी किती आत चढते,
बिजागरीत मीठ कसं बसतं,
दोन वर्षांत पातं आणि मूठ कशी एकजीव होतात,
हे त्यांनी स्वतःचा जुना चाकू दाखवून सांगितलं.
तो उघडत नव्हता.
‘खोबरेल घालू नकोस, चिकटतं.
शिलाई मशीनचं तेल. दर रविवारी.’

पुढच्या शुक्रवारी पहिलं घेतलं.
इनासने पैसे मोजले, मग हत्यार परत मागितलं,
एकवीसवाल्यातलं कुठलंसं पातं काढून
त्याची क्लिप उलटी बसवून दिली, माझ्या खिशाच्या बाजूला.
‘बघ,’ म्हणाला, ‘लागतं कधी कधी.’
सुरीचं मात्र काही करता येईना. ती माझ्या अंगठ्यानेच शिकायची.

घरी प्रतिमाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं:
दोनशे चाळीस ग्रॅम.
‘म्हणजे रोज पाव किलो लोखंड फिरवणार,’ ती म्हणाली,
आणि पँट एका बाजूने उतरायला लागली तेव्हा
जुन्या बेल्टच्या चामड्याचं म्यान शिवून दिलं, न बोलता.

आता आठवडा झाला.
अंगठ्याला घट्टा पडतोय. पक्कड छान धरते.
नटाला लावलेली नाही. म्हणजे एकदाच लावली,
मिस्त्री जेवायला गेले होते.

आज सकाळच्या फेरीला तीच पोर,
तीच चेन, दोरा नवा.
मी ऐटीत म्यान उघडलं, सुरी काढली,
आणि तिने दप्तर छातीशी घट्ट धरलं.
पातं मिटलं. खाली बसलो,
दाताने तोडला दोरा.
डिझेलच्या वासाने तिने नाक मुरडलं, आणि पळाली.

रॅम्प वर घेतला. खाली आलो.
कात्रीच्या रकान्यात
दुसरी रेघ ओढली.